व्हिसा कोणामुळे लागला, हिरामण?

हिरामण, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी घोळ घातला. घातला नसता तर तुलाच चुकल्यासारखं वाटलं असतं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

माइक माझ्या हातात होता. गावात लग्न असो, झेंडावंदन असो की कोणाचं जाणं, माइक मास्तरकडेच येतो. लोकांचा समज आहे की मला बोलता येतं. विहारात त्रिसरण-पंचशील झालं, सरपंच बोलले, नाटक मंडळाचे तबलेवाले काका दोन वाक्यं बोलून रडत खाली बसले. मी हातातल्या कागदावरून नजर न काढता, नेहमीच्या सुरात म्हणालो, "आणि आता मी आपले सर्वांचे लाडके कलावंत हिरामण यांना विनंती करतो, की त्यांनी समोर येऊन आपले विचार मांडावेत."

तुझा फोटो माझ्या पाठीमागे टेबलावर होता, हार घातलेला. आणि मी सभेकडे तोंड करून तुला बोलावत होतो.

विहारात माइकची नुसती सूं ऐकू येत होती. माझी चूक माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला, कारण इतकी वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलोय आणि इतकी वर्षं तू नाव घेतल्याबरोबर कधी उठला नाहीस. शेवटी पुढे बसलेल्या पारबताबाई म्हणाल्या, "बोलाव बाप्पा, बोलाव. आला तं बरंच हाय." कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता काहींना रडू आलं. तुझी बहीण कुंदा हसली नाही.

नाव घेतल्यावर लगेच यायचं नाही, ही तुझी जुनी खोड. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की आपल्या झाडीपट्टीत नाटक आलं, आणि नाटक आलं की खलनायक तू. बाकीचे नट विंगेतून यायचे. तू लोकांच्या पाठीमागून यायचास. पुकारा झाला तरी रंगमंच रिकामा, पेटीवाला एकच सूर धरून बसलेला, लोकांची कुजबुज सुरू, "कुठं गेला बे हिरामण?" आणि मग पार मागून, चहाच्या टपरीजवळून, तुझं ते हसू यायचं. सगळ्या माना वळायच्या. "लोकांले तीन श्वास वाट पाहू द्याची," तू म्हणायचास. "मंग नाटक आपलं."

त्या तीन श्वासांत विंगेतला मी मरायचो. मी प्रॉम्प्टर. ज्या नाटकाच्या तालमी जेमतेम होतात, ते अख्खं नाटक प्रॉम्प्टरच्या घशावर उभं असतं. कोणी गप्प झालं की पुढचं वाक्य सोडायचं, एवढंच मला कळत होतं. गप्प राहणं हीसुद्धा नाटकातलीच ओळ असते, हे तू मला कधी पटवू शकला नाहीस. माझा आवाज इतका खणखणीत की लोक म्हणायचे, "मास्तरचं नाटक आधी आयकाचं, मंग हिरामणचं पाह्याचं."

तसे आपण पहिल्या वर्गापासून एका टाटपट्टीवरचे. पुढे कुंदा लग्न होऊन माझ्या घरी आली आणि तुझी पंचाईत झाली. चारचौघांत मला "जवाईबापू" म्हणावं लागायचं. कोणी नसलं की पुन्हा "अबे मास्तर". पण भांडण दोन्ही नात्यांत एकच राहिलं. तू थांबणारा, मला थांबवत नाही. त्या भांडणात आपण दोघांनी मिळून माझ्या पोरीचा व्हिसा ओढला, आणि ते मिटायच्या आधीच तू उठून गेलास.

प्रज्ञाला फ्रान्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा आमच्या अंगणात पहिला नाचलास तू. शिष्यवृत्तीही मिळाली होती. आता फक्त लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पाहिजे होता, आणि त्यासाठी मुंबईला मुलाखत. शेतीच्या पाण्याचं शिकायला पोरगी एवढ्या दूर चालली, यावर कुंदाचा पहिला प्रश्न होता, "थ्या फ्रान्सले धान होते का?"

"नसंल होत तं ही लावून येईन," तू म्हणालास.

"एकटी पोरगी. भाषा नाई, मानूस नाई."

"कुंदे, तू लग्न करून मास्तरकडे आली तवा तुले तरी याची भाषा समजत होती का?"

कुंदा हसली, आणि फ्रान्सचा निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा व्हिसा. तो नाही मिळाला तर कोर्स पोरीशिवाय सुरू होणार, शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला जाणार, आणि "झालं ना शिकून, आता स्थळं पाहा" म्हणणारे नातेवाईक चपला काढून घरात शिरणार. पोरगी हे ओळखून होती. भात कालवता कालवता ती इंग्रजीत पुटपुटायची.

गावाला मात्र उधाण आलं होतं. नोकरी लागते, मीटर लागतं, तसा आमच्या गावात तिचा व्हिसा "लागणार" होता. नहरावर, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल तो विचारायचा, "लागला का जी व्हिसा?" फोटोसाठी आपण तिला घेऊन गोंदियाला गेलो. तू मेकअपची पेटी घेऊन आला होतास, आणि मी कागद जमा करत होतो तेवढ्यात पोरीच्या गालांना लाली लावून मोकळा झालास. स्टुडिओवाला म्हणाला, "भैया, ये वीजा का फोटो है, शादी का नहीं. मुँह धुलवाओ." तू त्याच्याशी कलेवर वाद घातलास. "चेहरा उठून नाई दिसला तं साहेब पाह्यल काय?" पोरगी तोंड धुऊन येईस्तोवर वाद चालूच होता.

परतीच्या बसमध्ये तू जाहीर केलंस, "मुलाखत म्हंजे एंट्री. एंट्रीले तालीम पाह्यजे."

झालं. संध्याकाळी समाजमंदिरात टेबल-खुर्ची मांडली. तू नाटकातल्या ठाकूरचा काळा कोट घातलास, गॉगल लावलास. मी चादरीचा पडदा बांधून त्याच्यामागे बसलो, हातात मी लिहिलेली उत्तरं. आठवीला मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ती सगळी उत्तरं रजेच्या अर्जासारखी झाली होती. प्रत्येकाच्या सुरुवातीला "विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट". प्रज्ञानं "बेग" सगळीकडून खोडलं.

तू दारामागून आलास. अर्थात थांबून. खुर्चीवर बसून टेबलावर मूठ आपटलीस. "ए लडकी! फ्रान्स क्यों जाना है?"

"मामाजी, ते असं नाही बोलत."

"तुले काय मालूम? तू पाह्यला का व्हिसावाला?"

"तुम्ही पाहिला?"

"मी इन्स्पेक्टर केला, जमीनदार केला, कलेक्टर बी केला. खुर्चीवरचा मानूस सारखाच रायते."

मी पडद्यामागून वाक्य सोडलं, "आय अ‍ॅम डीपली इंटरेस्टेड इन वॉटर, सर." प्रज्ञानं ते उचललं. दुसऱ्या दिवशी बघे आले. पुढे पुढे तर चहाची किटली आली, पोरं खिडकीत चढली. पारबताबाईंना हे नाटक आहे की खरंच चाललंय याचा पत्ता लागेना. त्या तुला हात जोडून म्हणाल्या, "सोड ना बाप्पा तिले. जाऊ दे. गुनी पोरगी हाय." तू गॉगलच्या वरून पाहत गरजलास, "खामोश!" आणि लगेच खुर्चीतून उठून त्यांच्या पाया पडलास. हिरामण, मंडईतल्या कोणत्याच नाटकाला तेवढी टाळी पडली नसेल.

एका संध्याकाळी मात्र पोरीनं लिहिलेलं उत्तर सोडून दिलं. इंग्रजीतच, अडखळत, ती सांगू लागली की आपली बांधी, म्हणजे धानाचं शेत, नहराच्या अगदी शेपटाला आहे. इटियाडोह धरणाचं पाणी सुटतं, वरचे लोक घेतात, आपल्यापर्यंत येतो तो नुसता चिखल. लहान असताना मामासोबत नहराच्या काठाकाठानं ती दूरवर चालत गेली होती, पाणी जातं कुठं ते पाहायला. पाणी कुठं जातं हे तिला अजून पाहायचंय.

"नको, नको," मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "हे लिहिलेलं नाही."

"रडगानं हाय," तू म्हणालास. "एंट्रीले रडगानं नाई चालत. काट थे."

उभ्या आयुष्यात आपलं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर.

मुंबईला तिघं गेलो. नागपूरच्या पुढे तू पहिल्यांदाच चालला होतास. रात्रभर खिडकी सोडली नाहीस, आणि काळा कोट पिशवीत होता. "काऊन आणलास?" तर म्हणे, "कामी आला तं." त्या कार्यालयात पोरीसोबत एकालाच आत सोडत होते. तू खाली फुटपाथवर राहिलास. निघताना तिच्या कानात काहीतरी बोललास, मी काही लक्ष दिलं नाही.

आत थंडगार हॉल, खुर्च्यांच्या रांगा, पुढे काचेच्या खिडक्या. प्रज्ञाच्या खिडकीत ठाकूर नव्हता. बारीक काड्यांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या आणि त्या चक्क हसून गुड मॉर्निंग म्हणाल्या. मी दोन रांगा मागे. कागद पाहून झाले. मग बाईंनी इंग्रजीत विचारलं, फ्रान्सलाच का?

पोरगी गप्प.

मला वाटलं, आता बोलेल. ती तशीच बसून. बाईंनी मान थोडी वाकडी केली. हिरामण, त्या क्षणी मी बाप नव्हतो, मास्तर नव्हतो. मी विंगेत होतो आणि माझी नटी समोर अडकली होती. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आय अ‍ॅम डीपली इंटरेस्टेड इन वॉटर, मॅडम."

पहिल्या चार रांगांना ऐकू जाणारा आवाज तो, आणि त्या हॉलमध्ये रांगाच तेवढ्या होत्या. अख्खा हॉल मागे वळला. शिपायानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अंकल, चलो, बाहर."

मी जिना उतरलो. शिकवून आणलेली पोरगी, असं त्या बाईंनी लिहिलं की संपलं. पोरीची एवढी वर्षांची मेहनत मी एका वाक्यानं बुडवली, असं म्हणतच मी तुझ्यासमोर आलो. तू पिशवी खाली ठेवलीस.

"मधात कायले बोललास?"

"अरे, ती विसरली होती."

"विसरली नोती. मी सांगतलं होतं तिले थांबाले."

"थांबायला? हापिसात?"

"एंट्रीले थांबाच लागते. तीन श्वास."

"ते नाटकात रे."

"मंग हे काय हाय?"

येणारे-जाणारे पाहत होते. पन्नाशीकडे झुकलेली दोन माणसं भर रस्त्यात श्वास मोजून भांडत होती. तू नाक मोठं करून दाखवत होतास, असा एक, असा दोन. मी म्हणत होतो, तिसऱ्या श्वासाला खिडकी बंद करतात शहाण्या. बऱ्याच वेळानं प्रज्ञा बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?" दोघांनी एकदम विचारलं.

"भूक लागली," ती म्हणाली.

समोरच्या हॉटेलात इडली खाताना तिनं सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, ते कोण बोललं? प्रज्ञानं सांगितलं, माझे बाबा, ते प्रॉम्प्टर आहेत. बाईंना कळेना. मग हिनं सगळंच सांगितलं, मंडई, नाटक, चादरीचा पडदा, काळा कोट घातलेले मामाजी, पारबताबाई. बाई हसल्या, हातातले कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, ठीक आहे, आता जे लिहून आणलं नाही ते सांग.

"मग काय सांगितलंस?"

"नहराच्या शेपटाचं."

"थेच?" तू विचारलंस.

"तेच, मामाजी."

आपण दोघंही चटणीत पाहत बसलो.

निकाल कुरिअरनं येणार होता. धानाच्या रोवणीचे दिवस लागले. तू गुडघाभर चिखलात उभा राहून रोपांचे परे फेकायचास आणि मान रस्त्याकडे. ज्या दुपारी कुरिअरवाला आला, तो चिखलाला भिऊन शेताच्या कडेला धुऱ्यावरच थांबला आणि तिथूनच ओरडला. तू धावत सुटलास. जवळ गेल्यावर तुझ्या ध्यानात आलं की हात चिखलाचे आहेत. दोन्ही हात वर धरून, पोलिसानं पकडल्यासारखा, तू त्या लिफाफ्याभोवती फिरत होतास, "हात नको लावू म्हना कोनी! प्रज्ञाले बोलवा!"

पोरीनं पाकीट फाडलं, पासपोर्टचं एकेक पान उलटत गेली. रोवणीतल्या सगळ्या बाया कंबर ताठ करून उभ्या. एकीनं दुरून विचारलं, "लागला का जी?"

पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. या वेळी मीही काही बोललो नाही, मला तर वाक्यच आठवत नव्हतं. तूच तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलंस आणि हात वर धरलेल्या अवस्थेतच ओरडलास, "लागला!"

काय दुपार होती ती, हिरामण. बाया रोवणी सोडून धुऱ्यावर आल्या. पदराला हात पुसून एकेकीनं ते चिकटवलेलं चकचकीत पान पाहिलं. पारबताबाईंनी पासपोर्ट उलटा धरून बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, "बरा लावला." कुंदा पाणी घेऊन आली होती, ती कळशी ठेवायची विसरली आणि डोक्यावर कळशी घेऊनच रडली. तुझा शेरा तेवढा तिरका होता. फोटोवर बोट न टेकवता बोट रोखून म्हणालास, "लाली ठेवली असती तं अखीन खुलून दिसली असती."

गोंदिया स्टेशनवर तिला निरोप द्यायला अर्धं गाव आलं, तू सोडून. गाडीनं शिटी दिली तरी तुझा पत्ता नाही. पोरगी दारात रडकुंडीला आलेली. गाडी हलली आणि फलाटाच्या पार मागच्या टोकाकडून तू पळत आलास, काळा कोट घालून. डब्यातले लोक माना काढून बघायला लागले. "ए लडकी!" तू ओरडलास, "फ्रान्स क्यों जाना है?" ती काय म्हणाली ते गाडीच्या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही.

पुढे तिनं तिथल्या धानाच्या शेताचे फोटो पाठवले. कुंदाचा प्रश्न निकाली निघाला. तू म्हणालास, बांध्या मोठ्या हायत पन रोवणीच्या बाया दिसून नाई राहिल्या. आणि आपलं सुरूच राहिलं. सणाला, लग्नात, मंडईत. मी म्हणायचो, मी बोललो म्हणून बाईंनी चौकशी केली, म्हणून व्हिसा लागला. तू म्हणायचास, ती थांबली म्हणून बाईनं मान वर केली, म्हणून लागला. प्रज्ञाला विचारलं की ती नुसती हसायची. दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, तू मला खूण करून जवळ बोलावलंस. मला वाटलं काही महत्त्वाचं सांगतोस. तू म्हणालास, "मास्तर, थांबली होती थे." मी म्हणालो, "आधी बरा हो, मग भांडू." बरा झाला असतास तर मान्यही केलं असतं. आणि हेही सांगितलं असतं की पोरगी आज परक्या देशात, परक्या भाषेत, मोठमोठ्या माणसांसमोर न घाबरता बोलते, ते त्या समाजमंदिरात टेबलावर मूठ आपटणाऱ्या एका ठाकूरमुळे. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू त्याचीही टाळी घेतली असतीस, म्हणून राहून गेलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. तिला येता आलं नव्हतं. बरंच बोललो, बरंच नाही. मग मी विचारलंच. "प्रज्ञा, आता तरी खरं सांग. तू त्या दिवशी थांबली होतीस का विसरली होतीस?"

फोन शांत. जिभेवर दहा वाक्यं आली. मी एकही सोडलं नाही, हिरामण. एक श्वास. दोन. तीन.

"आधी थांबले होते, बाबा," ती म्हणाली. "मामाजींनी कानात सांगितलं होतं तशी. पण दुसऱ्या श्वासाला सगळं विसरले. तिसऱ्याला तुमचा आवाज आला."

"म्हणजे व्हिसा कोणामुळे लागला?"

"माझ्यामुळे लागला. तुम्ही दोघं तर रस्त्यावर भांडत होता."

तुला हे सांगायला मी किती उतावळा झालो होतो म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी माइक हातात घेतला तेव्हाही डोक्यात तेच होतं, की कार्यक्रम आटोपला की हिरामणला गाठायचं. त्यातच तुझं नाव घेतलं गेलं.

घरी आल्यावर मी कुंदाची माफी मागितली. "तुझ्या भावाच्या कार्यक्रमात माझ्यामुळे लोक हसले," म्हणालो. ती चुलीजवळ बसली होती. ती लाकडं आत सारत राहिली, आणि मी मध्ये वाक्य सोडलं नाही.

मग म्हणाली, "तुमी नाव घेतलं न् मी मागं वळून पाह्यलं. मले वाटलं, थांबला असंल."